हन्ना कोणाची मुलगी?

बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ हा बोलपट १९५८ साली लागला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो मुंबई-पुण्याच्या थिएटरात पाहिला, काहींनी इकडे आल्यावर कॅसेटवर. दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि सोहराब मोदी. संगीत शंकर-जयकिशन यांचे. त्यातले मुकेशने गायिलेले दर्दभरे गाणे अजूनही आपल्या मेळाव्यांत कोणीतरी म्हणतोच. त्या गाण्याबद्दल शैलेंद्र यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. गीतकारांसाठी ठेवलेले ते पहिलेच. गाणे सर्वांना पाठ आहे, पण ती कथा कुठून आली आणि तिच्यातला म्हातारा एझरा मुळात कोण, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच झाली. ती करावीशी वाटते, कारण त्या कथेच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि बोलपट लागून चार वर्षे होतात न होतात तोच तशाच जातीचा एक प्रश्न आपल्या समाजाला विचारला गेला.

कथेचा उगम पॅरिसचा आहे. २३ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथल्या ऑपेरात ‘ला ज्युईव्ह’, म्हणजे ‘यहुदी स्त्री’, हा संगीत खेळ झाला. शब्द यूजीन स्क्रीब यांचे, संगीत फ्रोमांताल हालेवी यांचे. हालेवी यहुदी होते. त्यांचे वडील हिब्रू जाणणारे, हिब्रूत लिहिणारे गृहस्थ होते. त्यामुळे दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा रंगभूमीवर चक्क पेसाखची सेदेर मांडलेली असते. पॅरिसच्या धनिक प्रेक्षकांपुढे म्हातारा एलेआझार घरच्या मंडळींना मात्सा वाटतो आहे, आणि यहुद्याचे सोंग घेऊन घरात शिरलेला राजपुत्र लिओपोल्ड आपला तुकडा कोणाच्या लक्षात न येईलसा टाकून देतो. राखेलच्या मात्र ते लक्षात येते. एवढ्या एका हालचालीत प्रेक्षकाला सारे कळते. भाषण लागत नाही.

हा खेळ घडतो १४१४ साली, कॉन्स्टन्स नावाच्या गावी, जिथे ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती. एलेआझार सोनार आहे. गावाला सणाची सुट्टी, आणि याच्या दुकानातून हातोडीचा आवाज येतो, म्हणून जमाव त्याच्यावर धावून जातो. इथे आमच्या मनात कोकण आल्याशिवाय राहत नाही. आपले वाडवडील अलिबाग, नवगाव, रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत. गावाने त्यावरून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, आणि नावापलीकडे काही दिले नाही: ना दगड, ना शिवी. युरोपातला यहुदी दुसऱ्याच्या सणाला काम केले म्हणून मार खातो; कोकणातला आपल्या शब्बाथला काम करीत नाही म्हणून ओळखला जातो. सावकार यहुदी, जोहरी यहुदी, जमावापुढे उभा राहिलेला यहुदी, हे सारे आपण प्रथम पुस्तकात नाहीतर पडद्यावर पाहिले. शेजाऱ्यांनीही तिथेच पाहिले, आणि मग “तुम्ही त्या पिक्चरमधले यहुदी का?” असे विचारू लागले.

पॅरिसचा खेळ त्याच वर्षी मॉन्क्रिफ नावाच्या नाटककाराने लंडनला इंग्रजीत नेला. त्या इंग्रजी नाटकावरून पारशी नाटक कंपन्यांसाठी उर्दू नाटक रचले ते आगा हश्र काश्मीरी यांनी: ‘यहुदी की लडकी’. हश्र यांचा जन्म १८७९ सालचा, बनारसचा. शेक्सपिअरची नाटके उर्दू वेषात उतरवण्यात त्यांचा हातखंडा. १९३३ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने या नाटकाचा बोलपट केला. प्रेमांकुर आतर्थी यांचे दिग्दर्शन, सैगल राजपुत्र, रतनबाई हन्ना, पंकज मलिक यांचे संगीत. १९५७ साली मधुबालाला घेऊन आणखी एक निघाला, आणि दुसऱ्याच वर्षी बिमल रॉय यांचा. एका कथेला एवढी मागणी असण्याला कारण हवे.

आमच्या समजुतीने पहिले कारण रोम आहे. हश्र यांच्या नाटकात कॉन्स्टन्स गेले आणि रोम आले. पाद्री गेले आणि रोमी सुभेदार आले. एलेआझारचा एझरा झाला, राखेलची हन्ना, लिओपोल्डचा मार्कस, राजकन्या यूडॉक्सीची ऑक्टेव्हिया, आणि कार्डिनल ब्रोन्यीच्या जागी ब्रूटस. हिंदुस्थानवर ख्रिस्ती इंग्रजांचे राज्य असताना ख्रिस्ती धर्मगुरू जुलमी दाखवणे कंपनीच्या मालकाला परवडणारे नव्हते, असा तर्क करायला हरकत नाही. शिवाय परदेशी साम्राज्य, त्याचे मस्तवाल अधिकारी आणि त्यांच्यापुढे न वाकणारा एक म्हातारा, हे चित्र पिटातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते. एझराच्या तोंडी रोमला सुनावलेले शब्द लंडनला सुनावल्यासारखे ऐकू येत. टाळी त्याला होती.

दुसरे कारण आम्हांला अधिक मोलाचे वाटते, आणि ते कथेच्या मांडणीत आहे.

पॅरिसच्या खेळात ब्रोन्यी हा पूर्वी रोममध्ये न्यायाधीश असतो. एलेआझारच्या मुलांना त्याने जाळून मारवलेले असते. पुढे शत्रू रोमवर चालून येतात, ब्रोन्यीचे घर जळते, आणि मरू घातलेल्या त्याच्या तान्ह्या मुलीला वाचवतो तो एलेआझारच. म्हणजे सुरुवात दयेने होते. शेवट मात्र सुडाने. राखेलला उकळत्या कढईत टाकतात त्या क्षणी एलेआझार ब्रोन्यीला सांगतो की तुझी मुलगी ती तिथे आहे. त्याआधी तो तिला विचारतो, धर्म बदलून जगतेस का? ती नाही म्हणते. आपल्या तोंडचे एक वाक्य तिला वाचवू शकते हे ठाऊक असूनही तो ते वेळेवर बोलत नाही.

हश्र यांनी हे उलटे केले. त्यांच्या नाटकात ब्रूटस एझराच्या कोवळ्या मुलाचा जीव घेतो, आणि त्याचा सूड म्हणून एझराचा नोकर ब्रूटसची लहानगी पळवून आणतो. सुरुवात सुडाची. पण जिला सुडासाठी आणले तिला एझरा मांडीवर घेतो, तिचे नाव हन्ना ठेवतो, आणि वर्षे जातात तसा तो सूड त्याच्या हातून निसटत जातो. गुपित तेच, शिक्षाही तीच. पण इथे गुपित फुटते तेव्हा मुलगी अजून जिवंत असते. युरोपाने यहुदी बापाच्या मनात शेवटी सूडच पाहिला. बनारसच्या एका मुसलमान नाटककाराने त्या मनात बाप पाहिला. ज्या प्रेक्षकाने आयुष्यात यहुदी पाहिला नव्हता त्याला हा बाप आपला वाटला, आणि नाटकाच्या यशाचे मर्म यातच असावे.

शाळेत ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकलेल्यांना इथे शायलॉक आठवेल. त्यालाही एकच मुलगी, जेसिका. ती जन्माने यहुदी, पण बापाचे दागिने उचलून प्रियकराबरोबर पळते आणि धर्मही सोडते. हन्ना जन्माने रोमी, पण बापाबरोबर मृत्युदंडाला चालत जाते. ऑक्टेव्हियाच्या विनवणीवरून ती मार्कसवरचा आरोप मागे घेते आणि शिक्षा स्वतःवर ओढवून घेते, तेव्हाही ती एझराची मुलगी म्हणूनच बोलते. नाटककाराने मार्कसला कितीही गाणी दिली तरी तो कच्चाच राहतो. आमच्या मते दिलीपकुमारच्या अभिनयानेही तो पक्का झाला नाही. नाटक बापलेकीचे आहे.

म्हणून १९५८च्या बोलपटाचा भार सोहराब मोदींवर पडला, आणि त्यांनी तो पेलला. काहींना त्यांचा खर्जातला आवाज, हात उंचावून बोलणे नाटकी वाटते. असेलही. ते त्याच रंगभूमीवर वाढले होते. १९३६ साली त्यांनी हश्र यांचेच ‘सैद-ए-हवस’ पडद्यावर आणले होते. १९३९च्या ‘पुकार’मध्ये ते जहांगीरच्या दरबारी स्वतःच्या मुलाला न्यायासाठी उभा करणारे संग्रामसिंह झाले होते. बादशहाने आपपर न पाहता न्याय द्यावा, हीच मागणी ‘यहुदी’तल्या दरबारातही आहे, हन्ना ती राजपुत्राविरुद्ध करते. एझराची भाषा साध्या घरातली नाहीच. ती मोठ्या आवाजातच बोलावी लागते.

पात्रयोजनेची एक गंमत. ‘यहुदी’ नावाच्या बोलपटात यहुदी बाप झाला एक पारशी, यहुदी मुलगी झाली एक मुसलमान, आणि दिग्दर्शन केले बंगाली हिंदूने. दिलीपकुमारचे खरे नाव तेवढे यूसुफ, म्हणजे आपल्याकडचा योसेफ! उलट आपली माणसे त्याच धंद्यात इतरांच्या कथा रंगवीत होती. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावर उभा होता, ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपले बेने इस्राएल. त्यांच्या लेखणीतून राजे, राण्या, फकीर आले.

आता तो प्रश्न. हन्ना कोणाची मुलगी? रक्ताने ब्रूटसची, घराने एझराची. शास्त्र विचाराल तर ते स्पष्ट आहे: तान्ह्या परक्या मुलाला बेथ दीनच्या साक्षीने मिकवेत नेऊन यहुदी करता येते, आणि वयात आल्यावर ते नाकारण्याची मोकळीक त्या मुलाला राहते. नाटककारांना या शास्त्राशी कर्तव्य नव्हते. पण नाकारण्याची ती वेळ मात्र त्यांनी नकळत रंगवली आहे. राखेलला विचारले जाते, ती नाही म्हणते. तल्मुदात असेही सांगितले आहे की जो अनाथ मुलाला आपल्या घरात वाढवतो, त्याने त्याला जन्म दिला असेच मानावे.

१९६२ साली इकडे लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना गेली की बेने इस्राएल वधूवर आले तर त्यांच्या आईची, आजीची, आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात दोन हजार वर्षे शब्बाथ आणि सुंता सोडली नाही असे आपण परंपरेने सांगतो, त्यांच्याकडे कागद मागितले गेले. पणजीचा केतुबा कोणी दाखवायचा? १९६४च्या उन्हाळ्यात आपली कुटुंबे मुलाबाळांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, आणि मग सूचनेतून आपले नाव गेले. आमच्या वाचकांपैकी काही जण त्या धरण्यात होते, काहींची लग्ने त्यापायी अडली होती; त्यांना यातले काही सांगायची गरज नाही. हन्नाची बाजू आणि आपली एक नव्हती, हेही खरे. तिचा जन्म वेगळा होता, आपला नव्हता. पण माणूस कोणाचा हे पुराव्याने ठरते की जगण्याने, हे तिच्या निमित्ताने तीन तास पाहिलेल्यांना तो प्रश्न नवा वाटला नसणार.

मूळ ऑपेरा मध्यंतरी मागे पडला होता. नाझींनी तो बंद पाडला. १९९९ साली व्हिएन्नाने तो मोठ्या थाटात पुन्हा उभा केला आणि २०१० साली तेल अवीवच्या ऑपेरातही तो झाला. सेदेरचा तो अंक पाहायला मिळाला तर जरूर पाहावा, भाषा कळो न कळो.

आणि पोशिंद्या बापाची भूमिका आपल्यापैकी एकाने केलीच होती, ‘यहुदी’च्या चार वर्षे आधी. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे सर्वांचा डेव्हिड, १९५४च्या ‘बूट पॉलिश’मध्ये जॉन चाचा झाला. रस्त्यावरच्या दोन पोरक्या भावंडांना भीक सोडून कष्ट करायला शिकवणारा, त्यांचा रक्ताचा कोणीही नसलेला चाचा. त्याबद्दल त्याला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. एझराची भूमिका त्याच्याकडे आली नाही. आली असती तर तो मोदींसारखा गरजला नसता. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलला असता, असे आम्हांला वाटते.