जुनी मोटार, नवा मालक आणि मधला कागद

गेल्या हिवाळ्यात मी माझी मोटार विकली. वाक्य साधे आहे. परंतु केंद्र सरकारच्या सेवेतील माणसाचे काम एवढ्याने संपत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १८ अन्वये ठरावीक मर्यादेहून मोठ्या किमतीची जंगम मालमत्ता विकल्यास एका महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावे लागते. २०११ पासून ही मर्यादा दोन महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी आहे. खरेदीदाराचा आपल्याशी कार्यालयीन संबंध असेल, तर पूर्वपरवानगीच हवी. ते निवेदन लिहीत असता मोटारविक्रीचा आपल्याकडील इतिहास डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याविषयी हे टिपण.

मोटार होती 'सॅन स्टॉर्म'. १९९८ साली बाजारात आलेली ही देशी स्पोर्ट्स कार. दोन आसने, फायबरचे अंग, उघडता येणारे टप आणि रेनोचे इंजिन. बंगळूरला नेमणूक असताना २००४ साली मी ती जुनीच घेतली. वीस वर्षांत तेल केव्हा बदलले, क्लच केव्हा बसवला, हे सारे एका वहीत लिहून ठेवले. सहकाऱ्यांनी पुष्कळ थट्टा केली. मात्र विकण्याची वेळ आली तेव्हा या वहीचे मोल मला कळले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जुन्या मोटारी म्हटले की जॉर्ज अ‍ॅकरलॉफ आठवतो. विक्रेत्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, गिऱ्हाइकाला नसतात. म्हणून गिऱ्हाईक सरसकट कमी भाव देऊ करते. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि खोट्या गाड्या उरतात. हा विचार मांडणारा त्याचा निबंध तीन नामवंत नियतकालिकांनी नाकारला. १९७० मध्ये तो छापला गेला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. गंमत अशी, की १९६७-६८ या काळात अ‍ॅकरलॉफ दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होता. निबंधात भारतातील सावकार आणि खडे मिसळलेला तांदूळ आहे. दिल्लीतील जुन्या मोटारींचा बाजार मात्र नाही. तो असता, तर वाचक चक्रावले असते. कारण अमेरिकेत मोटार दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते; आपल्याकडे ती चढत असे.

याचे मूळ धोरणात होते. १९४९ साली शासनाने पूर्ण तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या अहवालानंतर, येथे प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले जुळणी कारखाने गुंडाळले. उरले मुख्यतः तिघे. उत्तरपाड्याचे हिंदुस्तान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंदांनी स्थापिलेले कुर्ल्याचे प्रीमियर. परकीय चलनाचा तुटवडा असल्याने त्यांचे उत्पादनही बांधलेले. मग १९५९ चा मोटारकार (वितरण व विक्री) नियंत्रण आदेश आला. नवी मोटार कोणाला व कोणत्या क्रमाने द्यायची, हे त्याने ठरू लागले. १९६९ मध्ये तर तिन्ही मोटारींच्या किमतीच शासनाने ठरवून दिल्या आणि उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले.

सोलापुरात वकिली करणाऱ्या माझ्या थोरल्या काकांनी १९६६ साली फियाटसाठी नाव नोंदवले. गाडी दारात आली १९७२ साली. त्याच संध्याकाळी एक व्यापारी गृहस्थ पेढे घेऊन आले. पावतीवरच्या किमतीहून कितीतरी अधिक रक्कम, अर्थात रोखीने, त्यांनी देऊ केली. काकांनी पेढे ठेवून घेतले, गाडी दिली नाही. काकूंचे मत वेगळे होते, हे नंतर अनेक वर्षे ऐकू येई. त्या गृहस्थांनी बॉनेट उघडूनही पाहिले नव्हते, ही गोष्ट मला आज महत्त्वाची वाटते. टंचाईच्या बाजारात गुणदोषांना किंमत नसते. किंमत रांगेतल्या जागेला असते. नियंत्रणाचा हेतू भाव आवरण्याचा होता. भाव आवरला नाहीच. कागदावरून खिशात गेला. आणि विक्रेत्याला खरे बोलण्याचे कारण उरले नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तरी रांग आणि वरचे पैसे लगेच गेले नाहीत. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि हळूहळू जुनी मोटार ही खरोखरच जुनी मोटार झाली. २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक बंधने उठली. पुढे सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीचे प्रकरण गाजले. भेट म्हणून मिळालेल्या त्या गाडीवर २००३ मध्ये शुल्कमाफी दिली गेली, त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि अखेर शुल्क फियाट कंपनीने भरले. तीच फेरारी २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली, तेव्हा ती बातमी झाली. पण व्यवहार दोन नागरिकांमधला होता. कोणा नियंत्रकाची परवानगी लागली नाही.

तरीही राज्यसंस्था मधून पूर्णपणे गेलेली नाही आणि जाऊही नये. माझ्याकडे आलेल्या पहिल्या दलालाने चांगली रक्कम सांगितली. अट एकच, नमुना २९ आणि ३० वर सह्या करायच्या. खरेदीदाराचे नाव व तारीख कोरी. ही पद्धत देशभर रूढ आहे. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत तो मालक. २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात गाडी अनेक हातांतून गेलेली होती, नाव मात्र पहिल्याचेच होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्यांवर जबाबदारी टाकणारे नियमही लागू झाले आहेत. हा दलाल अधिकृत नव्हता. मी नाही म्हटले, आणि खरे सांगायचे तर ती रक्कम दोन रात्री मनात घोळत राहिली. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला ती लहान नव्हती.

शेवटी पुण्याहून एक तरुण अभियंता आला. मी त्याला वही दिली आणि डाव्या दाराच्या फायबरला पडलेली, दुरुस्त करून रंगवलेली चीर स्वतःहून दाखवली. तो म्हणाला, "काका, ही मला दिसली नसती." मी म्हटले, "म्हणूनच दाखवली." त्याने भाव थोडा कमी केला, पण दलालाकडे जशी घासाघीस झाली तशी केली नाही. वहीतल्या बाकीच्या नोंदींवर त्याने विश्वास ठेवला, तो बहुधा त्या चिरेमुळेच. पैसे बँकेतून आले. दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र काढले. नोंदणी त्याच्या नावावर झाल्याचा संदेश येईपर्यंत मी प्रती जपून ठेवल्या.

अ‍ॅकरलॉफने सांगितलेल्या रोगावर बाजारात दोनच औषधे आहेत, विश्वास आणि कागद. काकांच्या काळात कागद माणसाला गाडीपासून दूर ठेवण्यासाठी होता. आज तो दोन अनोळखी माणसांना व्यवहार करता यावा म्हणून आहे, निदान असावा. कोऱ्या नमुन्यावर सही करणारा प्रत्येक सुशिक्षित माणूस तो पुन्हा निरुपयोगी करतो.

वरिष्ठांकडे पाठवलेल्या निवेदनात मी प्रत्यक्ष मिळालेली रक्कम लिहिली. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हे सुचेना. 'गुडघेदुखीमुळे खाली वाकून बसता येत नाही' हे खरे कारण होते, तेच लिहिले.