आगगाडीच्या माहेरी

बोरीबंदर ते ठाणे हा एकवीस मैलांचा पहिला प्रवास आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. १६ एप्रिल १८५३ ही तारीखही बहुतेकांना आठवते. पुढे दहाच वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, तोवर ही लोखंडी रस्त्यावरची बाई मुंबईच्या संसारात चांगली रुळली होती. आता तर ती इतकी घरची झाली आहे, की ती कधीकाळी परक्या घरून आली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु सून कितीही जुनी झाली तरी तिला माहेर हे असतेच. आगगाडीचे माहेर उत्तर इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत आहे.

तिथल्या एका खाणीवर आगवाल्याच्या घरी १७८१ साली जॉर्ज स्टीफन्सन जन्मला. अठराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे आपल्या मजुरीतून पैसे देऊन तो रात्रीच्या शाळेत लिहायला शिकला. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन व डार्लिंग्टन या गावांच्या रस्त्यावर त्याने स्वतः इंजिन हाकले आणि कोळशाबरोबर माणसेही ओढून नेली. गंमत अशी, की त्याच महिन्याच्या ४ तारखेला आपल्याकडे दादाभाई नौरोजींचा जन्म झाला होता. पुढे रेल्वेचा जमाखर्च इंग्रजांपुढे मांडून दाखवणारा हा गृहस्थ आगगाडीहून तेवीस दिवसांनी मोठा!

२०२५ साली या घटनेला दोनशे वर्षे झाली. ह्यांची सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, आणि माझी शाळेत इतिहास शिकवण्यात. तेव्हा त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे विलायतेला निघालो ते राजवाडे बघायला नव्हे, तर आगगाडीत बसायला. पहिल्या पाच दिवसांत जे पाहिले त्यातले काही इथे सांगते.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रास ही दोन मोठी स्टेशने अगदी शेजारी शेजारी आहेत, एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखी. एक १८५२ सालचे, साधे, पिवळट विटांचे. दुसरे १८६८ सालचे. त्याच्या दर्शनी बाजूस गिल्बर्ट स्कॉट याने बांधलेले तांबड्या विटांचे, कमानी-कळसांचे भव्य हॉटेल. ते पाहताच मी म्हणाले, “अहो, हे तर आपले व्ही. टी.!” नाते आहेच. आपले स्टेशन स्टीव्हन्स याने १८७८ ते १८८८ या काळात बांधले, आणि गॉथिक धर्तीचे हे रेल्वेमंदिर त्याच्या डोळ्यांपुढे असणार हे दोन्ही पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हे मात्र इमारतीकडे पाठ करून रूळ न्याहाळीत होते. “अगं, यांचा रूळ चार फूट साडेआठ इंचांचा, आपला साडेपाच फुटांचा. सून माहेराहून साडेनऊ इंचांनी ऐसपैस झाली आहे!”

सेंट पँक्रासचे हे वैभव थोडक्यात वाचले. १९६०च्या सुमारास तिथल्या कारभाऱ्यांना जुने ते सारे अडगळ वाटू लागले होते. जवळच्या यूस्टन स्टेशनची प्रचंड दगडी कमान १९६१-६२ साली पाडून टाकली. तेव्हा कवी जॉन बेट्जमन आणि त्याच्यासारख्यांनी ओरड केली, म्हणून १९६७ साली सेंट पँक्रासला संरक्षण मिळाले. २००७ पासून त्याच छपराखालून पॅरिसची गाडी सुटते.

दुसऱ्या दिवशी पॅडिंग्टनहून ब्रिस्टलला गेलो. हा रस्ता ब्रूनेल या हिकमती इंजिनिअरने आखला आणि १८४१ साली पुरा केला. रीडिंगच्या अलीकडे गाडी एका खोल खोदाईतून जाते. सॉनिंग तिचे नाव. दोन्ही बाजूंना झाडी इतकी दाट, की एखाद्याला वाटावे निसर्गाचीच दरी आहे. १८४१च्या नाताळच्या आदल्या पहाटे इथे दरड कोसळून गाडी अडखळली. पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे पाथरवट सणासाठी घरी निघाले होते. तिसऱ्या वर्गाचे डबे म्हणजे त्या काळी बिनछपराच्या, हातभर कठड्याच्या उघड्या गाड्या, आणि त्याही मालाबरोबर जोडलेल्या. माणसे फेकली गेली. नऊजण दगावले. ज्यांच्या हातांनी पार्लमेंट उभे राहत होते, त्यांच्या मरणाने पार्लमेंटला जाग आली. १८४४च्या कायद्याने कंपन्यांवर सक्ती झाली, की रोज निदान एक गाडी अशी सोडावी, जी प्रत्येक स्टेशनवर थांबेल, जिच्या डब्यांना छप्पर असेल आणि जिचे भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नसेल. गरिबाच्या डोक्यावर छप्पर यायला आधी अपघात व्हावा लागतो, हा अनुभव काही आपल्याकडचाच नाही.

ब्रिस्टलला धान्यबाजाराच्या इमारतीवर एक मजेदार घड्याळ आहे. त्याला मिनिटकाटे दोन! पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याची. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेस असल्यामुळे तिथे मध्यान्ह सुमारे दहा मिनिटे उशिरा होई, आणि त्याने कोणाचे काही अडत नसे. परंतु आगगाडीला वेळापत्रक हवे, आणि वेळापत्रकाला एकच वेळ हवी. कंपनीने १८४०मध्ये लंडनची वेळ धरली. गावकऱ्यांनी लगेच मान तुकवली नाही. एक काटा लंडनचा व एक आपला असे चालू ठेवले आणि १८५२ साली कुठे लंडनची वेळ पत्करली. सबंध देशाची एक वेळ कायद्याने ठरली ती १८८० साली.

हे वाचून मुंबईकरांनी हसू नये. आपल्याकडे रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि शहर मुंबईच्या. १९०६ साली सरकारने नवी प्रमाणवेळ आणली, ती मुंबईच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे. मुंबईने ती पुष्कळ वर्षे मनापासून मानली नाही. ‘मुंबई टाइम’ हा शब्द माझ्या आईच्या तोंडी होता. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून दूरच्या कोणाच्या सूर्याने का चालावे, हा प्रश्न ब्रिस्टलच्या वाण्याला पडला तसाच गिरगावातल्या कारकुनालाही पडला. ब्रिस्टलचे दोन्ही काटे अजून फिरतात. ह्यांनी आपले मनगटी घड्याळ त्यातल्या रेल्वेच्या काट्याशी ताडून पाहिले. तेव्हाच त्यांचे समाधान झाले.

तिसऱ्या दिवशी लीड्सवरून सेटल या गावी पोहोचलो. इथून कार्लाइलपर्यंत बहात्तर मैलांचा रस्ता डोंगराळ, ओसाड, पावसाळी मुलखातून जातो. या प्रवासातले माझे मन जिथे गुंतून राहिले ते ठिकाण याच वाटेवर आहे. रिबलहेड त्याचे नाव. स्टेशन एवढेसे, पलीकडे माळावर चोवीस कमानींचा, शंभर फुटांहून उंच दगडी पूल. १८७० ते १८७५ या काळात हजारो मजुरांनी तो आणि पलीकडचा बोगदा बांधला. या मजुरांना तिकडे ‘नॅव्ही’ म्हणत. आता जिथे मेंढ्या चरतात तिथे त्यांच्या लाकडी झोपड्यांची वस्ती होती. वस्त्यांना त्यांनी नावेही झोकात दिली होती: सेबॅस्टोपोल, इंकरमन, जेरिको. लढाया आणि बायबल, दोन्ही त्यांच्या परिचयाची. खडक फोडताना, पायाडावरून पडून, आणि त्याहून अधिक देवीच्या साथीने माणसे मेली. बायका आणि मुलेही मेली.

आम्ही दोघे रस्त्याच्या कडेने चालत चॅपल-ले-डेल इथल्या लहानशा देवळापर्यंत गेलो. रस्ता उताराचा होता म्हणून बरे. त्या वर्षांत इतके पुरावे लागले, की आवाराची जागा वाढवावी लागली. सुमारे दोनशे जण तिथे आहेत. बहुतेकांवर दगड नाही. मात्र देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. कामावर प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ, रेल्वे कंपनीने व सोबतच्या मजुरांनी मिळून बसवलेली. मी पुन्हापुन्हा वाचला तो शेवटचा भाग. सोबतच्या मजुरांनी! ज्यांची उद्याची शाश्वती नव्हती, त्यांनी कालच्या सोबत्यासाठी वर्गणी काढली.

तिथे मला आपला बोरघाट आठवला, आणि त्याबरोबर आणखी एका जोडप्याचे परक्या मुलखातले पहिले दिवस आठवले. बोरघाटातला रेल्वेरस्ता १८५६ साली सुरू झाला. पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढ आणि पंचवीस बोगदे. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि पहिला कंत्राटदार कामातून बाहेर पडला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला. त्याला या देशात धड दोन-तीन महिनेही मिळाले नाहीत. आजाराने त्याच वर्षी तो गेला. त्याची बायको ॲलिस हिने गाशा गुंडाळून मायदेशी जावे, असेच कोणी म्हणाले असते. तिने तसे केले नाही. कंत्राट स्वतःकडे ठेवले, दोन जाणते इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते तो खुला झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा तो सोहळा पाहायला उरला नव्हता. आदल्याच वर्षी तो विलायतेत वारला होता.

ॲलिसबाईंचे कौतुक वाटते ते खरेच. पण १८६१ साली घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. बायका टोपल्या वाहत, पोरे खडी वेचत. पटकीची साथ आली की माणसे शेकड्यांनी जात. त्या घाटात हजारो माणसे मेली. ट्रेडवेलचे नाव आपल्याला ठाऊक आहे, बर्कलीचे ठाऊक आहे. डोक्यावर पाटी घेऊन खंडाळ्याची चढण चढलेल्या एकाही बाईचे नाव आपल्या तोंडी नाही.

आणि पैसा कोणाचा? विलायतेत कंपन्या आपल्या जबाबदारीवर रूळ घालीत आणि बुडतही. आपल्याकडे मात्र कंपनीच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची सरकारने हमी दिली होती. नफा कमी पडला, तर उणीव रयतेच्या सारातून भरून निघे. काटकसर करण्याचे कारणच उरले नाही. दादाभाईंनी हाच हिशेब लंडनमध्ये बसून मांडला; १८९२ साली ते तिथे पार्लमेंटात निवडूनही आले. नाना शंकरशेटांनी आगगाडी यावी म्हणून खटपट केली, दादाभाईंनी तिच्या व्याजाचा जाब विचारला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे मला वाटते.

सेटलचा हा रस्ता १९८०नंतर बंद व्हायला आला होता. पुलाची डागडुजी परवडत नाही, असे सरकारी म्हणणे. तेव्हा वीस हजारांवर लोकांनी लेखी हरकती नोंदवल्या. एका हरकतीवर सहीऐवजी पंजाचा ठसा होता! रसवर्प नावाचा तो कुत्रा भाड्याने जाणारा उतारू होता, म्हणून त्याचीही हरकत धरली गेली म्हणतात. १९८९ साली सरकारने बेत सोडला. पुढे त्याचा धनी डोंगरात फिरायला गेला आणि परतला नाही. काही आठवड्यांनी मृतदेह सापडला, तेव्हा रसवर्प अजून त्याच्याजवळ बसून होता. गार्स्डेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे. चौथ्या दिवशी आमची गाडी तिथे थांबली, तेव्हा ह्यांनी खिडकीतून त्याला चक्क सलाम केला.

पाचव्या दिवशी एडिंबरोहून डंडीला गेलो. वाटेत दोन खाड्या, दोन पूल. टे नदीवरचा पहिला पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळी रात्री गाडीसकट पाण्यात गेला. एकही माणूस वाचला नाही. बांधणारा टॉमस बाउच वर्षाच्या आत खचून मेला. नव्या पुलावरून जाताना जुन्याच्या खांबांची थोटके शेजारी पाण्यात एका ओळीने दिसतात. डब्यातली माणसे वर्तमानपत्रातून मानही वर करीत नव्हती. त्या धड्यानंतर फोर्थ खाडीवरचा पोलादी पूल बांधला, तो १८९० साली. तो अवजड पूल आजही सबंध भार घेऊन उभा आहे. तिथे ५७ माणसे मेली असे फार वर्षे सांगत. अलीकडे आसपासच्या हौशी इतिहासप्रेमींनी जुने दप्तर, दफनाच्या नोंदी, वर्तमानपत्रे धुंडाळली आणि आकडा ७३पर्यंत नेला, नावानिशी. त्या नावांचे स्मारकही २०१२ साली झाले. हे काम कुठल्या मोठ्या पंडितांचे नव्हे. गावातल्या माणसांनी सवडीने केलेले आहे.

हे आपल्याला का जमू नये? या दिवाळीत मुंबईहून पुण्याकडे जाणारी पुष्कळ मंडळी कर्जतला थांबतील. मागे घाटाची इंजिने लागतील, तेवढ्यात वडे घेतले जातील. खोपोली, खंडाळा, कर्जत या भागांत ज्यांची पाळेमुळे आहेत त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारावे: आपल्यापैकी कोणी घाटाच्या कामावर होते का? कोणाचे नाव निघाले, तर ते एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. म्हातारी माणसे अजून आहेत, तोवर हे विचारून घ्यायला हवे.