शिक्का, मोर्तब आणि अपोस्टिल

निमित्त भाच्याच्या ई-मेलचं. तो नोकरीसाठी जर्मनीत येणार आहे, सोबत बायकोही. त्याने विचारलं, "मामा, जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, सगळ्यांवर अपोस्टिल करून आणू ना? एजंट म्हणतो शंभरावर देशांत चालतं." मी एका ओळीत कळवलं, 'जर्मनीसाठी करू नकोस, चालत नाही.' त्यावर लगेच त्याचा एकच शब्द: 'का?' आता या 'का'चं उत्तर काही एका ओळीत मावेना. शिवाय त्याच्यासारखे अजून दोघेतिघे नातेवाईक रांगेत आहेतच, म्हणून म्हटलं इथेच लिहावं.

तर आधी हे अपोस्टिल म्हणजे काय. शब्द फ्रेंच, मूळ लॅटिन, अर्थ समासात लिहिलेली टीप. पूर्वी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर शिक्क्यांची माळ लागायची. गावच्या अधिकाऱ्याची सही खरी आहे असं जिल्ह्याने सांगायचं, जिल्ह्याची खरी असं राज्याने, राज्याची खरी असं परराष्ट्र खात्याने, आणि मग त्या खात्याची सही खरी असं परक्या देशाच्या वकिलातीने. ही माळ तोडायला 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेगमध्ये एक करार झाला. सगळ्या शिक्क्यांऐवजी एकच चौकोन, बाजू किमान 9 सेंटिमीटर, आत दहा क्रमांकित रकाने, आणि मथळा कुठल्याही देशात फ्रेंचमध्येच. करार 1965 मध्ये अमलात आला. भारत त्यात बराच उशिरा, 14 जुलै 2005 पासून. आपल्याकडे परराष्ट्र खातं कागदाच्या पाठीवर एक स्टिकर डकवतं, तेच अपोस्टिल.

पण त्या चौकोनात नेमकं काय लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही! सही अमक्याची आहे, तो अमक्या पदावर आहे, शिक्का अमक्या कचेरीचा आहे. बस्स. माझा जन्म झाला की नाही, कधी झाला, याबद्दल अपोस्टिल चकार शब्द काढत नाही. माझ्या पिढीला हे नवं नाही म्हणा. आम्ही गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकारी शोधत हिंडायचो, आणि ज्याने आयुष्यात आम्हाला पाहिलेलं नाही असा कुणीतरी साहेब न बघता 'ट्रू कॉपी' करून द्यायचा. 2014 साली केंद्र सरकारने स्वतःच स्वतःचे कागद साक्षांकित करण्यावर भर दिला आणि ती वणवण बरीचशी संपली.

मला या सगळ्यात आपला जुना शब्द आठवतो, शिक्कामोर्तब. आपण तो एकच शब्द समजतो, पण त्या मुळात दोन वेगळ्या मुद्रा. शिवकालीन कागदात शिक्का वर, सुरुवातीला, आणि मोर्तब अगदी शेवटी, मजकूर संपल्याची खूण म्हणून. शिवाजी महाराजांच्या मोर्तबीवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत, म्हणजे इथे मर्यादा झाली. यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे! शिवाय कागद लांबलचक असायचे, तुकडे डकवून केलेले, म्हणून पाठीमागे प्रत्येक जोडावर शिक्का, मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून. इथे जर्मनीत नक्कल साक्षांकित करून घेतली की कारकून सगळ्या पानांचा कोपरा पंख्यासारखा दुमडतो, स्टेपल मारतो आणि त्या घडीवर शिक्का उमटवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं. जोडावरचाच शिक्का की हा!

पण शिक्का हे मराठी व्यवहारातलं अर्धंच अंग होतं. दुसरं अंग म्हणजे ग्वाही. वतनाचं भांडण निघालं की गोतसभा बसायची, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे लोक. ते काय सांगतात त्यावर निवाडा व्हायचा आणि त्याचा महजर लिहिला जायचा. खाली ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. महजर वाचताना माझी नजर नेहमी त्या नांगरावरच थबकते. शिक्का सांगतो की कागद दरबारचा आहे. नांगर सांगतो की हा माणूस आम्हाला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि अपोस्टिलमध्ये दुसरी नाही.

आता जर्मनीकडे. इथे सगळ्या देशभर सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जानेवारी 1876 पासून सक्तीची आहे. त्याआधी चर्चच्या वह्या होत्याच. आपल्याकडे 1886 चा कायदा होता खरा, पण ऐच्छिक. सक्तीचा कायदा 1969 चा, अंमल 1 एप्रिल 1970 पासून. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांचा फरक. आणि कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावोगाव नोंदी नीट झाल्या असं थोडंच आहे. आपल्यातल्या किती जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो ते एकदा मोजा बरं :) गुरुजींनी शाळेत नाव घालताना वय बसवलेलं असतं. शिवाय जन्मनोंदीच्या रकान्यात बाळाचं नावच नसतं बऱ्याचदा, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली, नंतर नाव घालायला कोण जातंय! लग्नानंतर बायकांचं आडनावच नव्हे तर कधी पाळण्यातलं नावही बदलतं. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही, पण जर्मन कारकुनाच्या डोळ्यांनी पाहा. एकाच बाईची तीन नावं, एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा.

हेगच्या करारात एक कलम आहे. नवा देश आत आला तर जुने सदस्य सहा महिन्यांत आक्षेप घेऊ शकतात, आणि मग त्या दोन देशांपुरता करार लागू होत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने हेच केलं. अजून काही युरोपीय देशांनीही केलं होतं, त्यांनी नंतर आक्षेप मागे घेतले. जर्मनीचा मात्र राहिला. राग येतो ना? मलाही यायचा. पण 2023 मध्ये चीन या करारात आला तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत भारतही होता. तेव्हापासून मी जरा जपून चिडतो.

तर अपोस्टिल नाही, आणि भारतातल्या जर्मन वकिलातींनी जुन्या पद्धतीने शिक्का मारून देणंही थांबवलेलं. मग करतात काय? इथल्या कचेरीला शंका आली तर ती वकिलातीला विचारते, वकिलात तिथल्या एखाद्या विश्वासातल्या वकिलाला कामाला लावते, आणि तो प्रत्यक्ष गावात जाऊन चौकशी करतो. (पेशवाईत 'वकील' म्हणजे परक्या दरबारी नेमलेला माणूस, वकिलात त्याची. इथे वकिलातीचा वकील माझ्या गावी, असा उलटा प्रवास.) खर्च अर्थात आपलाच, काही शे युरो, आणि कित्येक महिने.

आमच्यावर ही वेळ 2009 मध्ये आली. मुलगी झाली. इथल्या नोंदणी कचेरीने, म्हणजे श्टांडेसआम्टने, आमचे दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागितला. माझा पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून काढलेला, त्यात 1 जून 1972. ग्रामपंचायतीच्या नोंदीत ऑगस्ट 1972, आणि नावाच्या जागी 'मुलगा'. झालं! पोरीची नोंद झाली, पण तिच्यात एक ओळ वाढली: आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही. चार दिवसांची ती पोर, तिला मांडीवर घेऊन ती ओळ वाचताना बायको गप्प झाली. मी कायदा समजावत बसलो की हा आरोप नव्हे, तांत्रिक शेरा आहे वगैरे. ती म्हणाली, "तिच्या पहिल्या कागदावर आपण कोण ते माहीत नाही असं लिहिलंय." यावर मला काही उत्तर नव्हतं.

चौकशीच्या फॉर्ममध्ये गावातल्या ओळखीच्या लोकांची नावं मागतात. नातेवाईक, शेजारी, शिक्षक. भाच्यालाही मी हेच सांगितलं, अपोस्टिलचे पैसे वाचव, त्याऐवजी दाखल्यांतली नावं जुळवून घे, नोंदीत नाव नसेल तर आत्ताच घालून घे, आणि तुला लहानपणापासून ओळखणाऱ्या चार माणसांचे पत्ते वहीत लिहून ठेव. पदवीचं प्रकरण वेगळं आहे, त्याला वेगळी यादी पाहतात, ते पुन्हा कधीतरी.

असो. सात महिन्यांनी वकिलाचा माणूस माण तालुक्यातल्या आमच्या गावी पोचला. शाळेत जनरल रजिस्टर पाहिलं, ग्रामपंचायतीत नोंद पाहिली, आणि मग शेजारच्या काकूंकडे गेला. आईने हे सगळं मला फोनवर सांगितलं. काकूंना तारीख कुठली ठाऊक असणार! पण त्यांनी सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळाचं साल, श्रावण होता आणि कोरडाच चालला होता, सुईणीला बोलवायला मीच गेले होते, त्याच साली आम्ही सुकडी खाल्ली. एक जूनला कसा जन्मेल तो, तेव्हा तर पोटात होता! त्या माणसाने हे लिहून घेतलं आणि खाली काकूंचा अंगठा घेतला.

अहवालात वकिलाने दोन्ही तारखांचा उलगडा केला होता आणि दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत असं लिहिलं होतं. कचेरीने ते मान्य केलं. जर्मन नोंदवहीत मूळ ओळ खोडत नाहीत, तिच्यापुढे नवी नोंद जोडतात, त्यामुळे ती ओळ आणि तिचं निराकरण दोन्ही तिथे आहेत. मुलीच्या नव्या दाखल्यावर मात्र आमची नावं साधी, शेऱ्याविना आली.

काकूंनी नंतर आईला दोनदा विचारलं, माझा अंगठा खरंच जर्मनीला गेला का गं? आईने सांगितलं, गेला.