वस्तरा घरात कसा आला?

आजचा विषय वस्तरा. सलूनमध्ये अर्धं ब्लेड खोचून वापरतात तो नव्हे, खराखुरा घडीचा वस्तरा. पातं कायमचं, धार आपणच राखायची. हा वस्तरा न्हाव्याच्या हातातून सामान्य माणसाच्या हातात आला कसा, ते आज बघू.

चला अठराव्या शतकातल्या युरोपात. तेव्हा दाढी करणं हे मुख्यतः न्हाव्याचं काम. स्वतः करायची म्हटलं तर दोन अडचणी.

पहिली, पोलाद. जुन्या पद्धतीच्या पोलादात कार्बन सगळीकडे सारखा नसायचा, म्हणून धारही सगळीकडे सारखी टिकायची नाही. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या इंग्रज घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं होतं. त्याने शेफील्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवलं आणि एकजिनसी धातू मिळवला. शेफील्डचे वस्तरे पुढे नावारूपाला आले, त्यात या पोलादाचा मोठा वाटा.

दुसरी अडचण, माहिती. वस्तरा घेतला, पण चालवायचा कसा? ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची. १७६९मध्ये जाँ-जाक पेरे या पॅरिसमधल्या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिराने चक्क पुस्तक लिहिलं: स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकायचं! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्याने एका धंद्याचं डॉक्युमेंटेशन सगळ्यांना खुलं केलं. सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन लाकडी आडोसा असलेला वस्तराही त्याने तयार केला, म्हणजे नवशिक्याला खोल कापायची भीती कमी.

आणि शिकण्यासारखं होतंच बरं का. गरम पाण्याने केस मऊ करायचे, ब्रशने फेस काढायचा, एका हाताने कातडी ताणायची, पातं साधारण ३० अंशांत धरायचं. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, पण पाठ पुढे आणि धार मागे. उलटं केलंत तर पट्टाच कापला जातो.

मग आला अमेरिकेचा किंग जिलेट. १९०३मध्ये त्याच्या कंपनीचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले. पण जाहिरातीतलं आश्वासन जबरदस्त होतं: पट्टा नको, धार लावणं नको. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारनेच सेफ्टी रेझर दिले, आणि घरी परतल्यावर त्यांची सवय तीच राहिली.

यात नुकसान झालं का? कापून घ्यायची भीती गेली, सकाळची पंधरा मिनिटं वाचली, हा फायदा खराच. पण पेरेने माणसाला न्हाव्यावाचून दाढी करायला शिकवलं होतं. ब्लेडने ते शिकणंच अनावश्यक केलं, आणि आपण न्हाव्याऐवजी दुकानावर अवलंबून राहिलो. ब्लेड संपलं की दाढी थांबली! आजही कुणी वस्तरा घेऊन आरशासमोर उभा राहतो, तेव्हा निदान तेवढं तरी तो परत मिळवत असतो.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हात जपा, गाल जपा!