गोळी आणि पोटातली कळ

१९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींनी पाठिंबा द्यावा, अशी त्यांची खटपट होती. गांधीजी संयमाच्या मार्गावरून तसूभरही हलले नाहीत. पण सँगरबाई थकणाऱ्यांतल्या नव्हत्या. १९५० नंतर त्यांनी ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला कामाला लावले आणि कॅथरिन मॅकॉर्मिक या धनवान मैत्रिणीला खर्च उचलायला राजी केले. त्यातून गर्भनिरोधक गोळी तयार झाली.

वर्ध्याहून यवतमाळ जिल्हा ओलांडून पैनगंगा पार केली की आदिलाबाद लागते. तेव्हा हा जिल्हा निझामाच्या राज्यात होता आणि किनवट, राजुरा हे तालुकेही त्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तालुके मराठी मुलखाकडे आले. उरलेला जिल्हा आंध्रात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. बेला, जैनद, तांसी या पट्ट्यात मात्र मराठी आजही घराघरांत बोलली जाते, गोंड-कोलामांच्या वस्त्यांच्या शेजारी. इथल्या बाईच्या हातात गोळीचे पाकीट पडले ते सरकारी दवाखान्यामार्फत. गोळी घ्यायला लागल्यावर ओटीपोटात अचानक मुरडा आला तर तिने कुणाला विचारायचे आणि तिचे ऐकून कोणी काही लिहून ठेवायचे का, हा प्रश्न गोळीइतकाच जुना आहे.

मराठीत असे प्रश्न छापून त्यांना उत्तरे देणारा एक माणूस होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि वाचकांच्या शरीराविषयीच्या शंकांना ते त्यात उघड उत्तरे देऊ लागले. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवले. १९५३ मध्ये ते गेले. गोळी त्यांनी पाहिली नाही. पाहिली असती तर तिच्या त्रासाबद्दलची पत्रेही त्यांनी छापली असती, असे त्यांचा एकंदर स्वभाव पाहता वाटते.

गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत, रिओ पिएद्रासच्या नव्या वसाहतीतल्या गरीब बायकांवर झाली. स्थानिक काम डॉ. एड्रिस राइस-रे यांच्याकडे होते. गोळी गर्भ रोखते, यात त्यांना शंका नव्हती. पण १७ टक्के बायका मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलटी यांनी हैराण होत्या आणि राइस-रे यांनी तसे स्पष्ट कळवले. पिंकस यांनी बराचसा त्रास मनाचा खेळ ठरवला. माझ्या मते गोळीच्या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक. तक्रार समोर होती, मोजलेली होती, एका डॉक्टरनेच मांडलेली होती, तरी ती बाजूला सारली गेली. त्या एनोविड गोळीत जवळपास १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि ०.१५ मिलिग्रॅम इस्ट्रोजन होते. आज सरकारी दवाखान्यातल्या माला-एन गोळीत इस्ट्रोजन आहे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे नुसत्या वजनाने पाचवा हिस्सा. बायका जे सांगत होत्या त्यात तथ्य होते.

अमेरिकेत एनोविडला पहिली परवानगी मिळाली ती १९५७ मध्ये, पाळीच्या विकारांसाठी. गर्भनिरोधक म्हणून मान्यता १९६० मधली. पाळीतली कळ प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे गर्भाशय आवळल्याने येते. गोळीने गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, ही द्रव्ये कमी बनतात आणि बहुतेकींची कळ उतरते. म्हणूनच गोळी चालू असताना कळ आली की बाई गोंधळते.

भारताने १९५२ मध्येच राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम आखला, पण गोळीकडे सरकार बिचकत बघत होते. १९६५ पासून जोर लावला गेला तो गर्भाशयात बसवायच्या ‘लूप’वर. लाखो बायकांना तो बसवला. रक्तस्राव आणि पोटात पेटके सुरू झाल्यावर विचारपूस करायला गावात कोणी नव्हते. बातमी गावोगाव पसरली आणि दोन-तीन वर्षांत लूपची मागणी घसरली. मग भर नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर आला आणि तेलंगणात तो आजही तसाच आहे. तिथे गोळी घेणाऱ्या बायका अगदी थोड्या.

१९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेट-एन या गर्भनिरोधक संप्रेरकाच्या इंजेक्शनची चाचणी घ्यायचे ठरले. हे इंजेक्शन अजून तपासले जात आहे, हे जमलेल्या बायकांना सांगितलेच नव्हते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोहोचल्या. १९८६ मध्ये ही संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. संप्रेरकांचे परिणाम आधी सांगा, ही त्यांची एक साधी मागणी होती.

प्राणहिता नदीच्या अलीकडच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्याच सुमारास वेगळे काम केले. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. गर्भनिरोधक साधनांचा या दुखण्यांशी संबंध दिसला, पण त्यातून दुखण्यांचा लहानसा भागच उलगडत होता. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. गोळीवाल्या बाईची कळ गोळीचीच असेल असे नाही. जुना संसर्ग, गाठ, लघवीचा दाह असे बरेच काही तिच्यामागे असू शकते.

गोळीमुळे येणारी कळ बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतली असते, थेंब थेंब रक्त जाते त्याच सुमाराची. माला-एनच्या पाकिटातल्या २८ पैकी शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या. त्या आठवड्यात संप्रेरक नसते म्हणून पाळी येते, थोडी कळही येते. लोहाने पोट बिघडते ते निराळे. गोळ्या चुकल्या तरी मध्येच रक्त जाते आणि मुरडा येतो. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन गोळीचा असर कमी करते, त्यामुळे तो उपचार चालू असलेल्या बाईने दुसरे साधन मागावे. एका बाजूला सतत तीव्र दुखत असेल किंवा गोळ्या चुकून पाळीही चुकली असेल, तर वाट पाहू नये. पोटरी दुखून सुजली, छातीत दुखले, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्ताच्या गुठळीची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

२०११ पासून आशाताई गर्भनिरोधके घरपोच देतात. महिन्याच्या पाकिटाला १ रुपया ठरला होता. पैनगंगेच्या दोन्ही काठांना माला-एन केंद्र सरकारकडूनच येते, त्यामुळे गोळी एकच आहे. पण महाराष्ट्रातली बाई दुखणे घेऊन आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात जाते, तेव्हा समोरचा डॉक्टर तेलुगू बोलणारा असू शकतो. तिने गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. किती गोळ्या संपल्या, कोणत्या राहिल्या आणि लोहाच्या सुरू झाल्या का, एवढे तरी त्याला तिथे एका नजरेत दिसते.