आनंदाचा रियाज

आनंद ही नशिबाची गोष्ट, असे आपण सहज म्हणून जातो. गाणाऱ्याने गळ्यासाठी रियाज करावा, तसा आनंदासाठीही करावा लागतो, असे सांगणारा एक तत्त्वज्ञ ग्रीसमध्ये होऊन गेला. त्याचे नाव एपिक्युरस.

इ. स. पूर्व 341 मध्ये सामोस बेटावर तो जन्मला. इ. स. पूर्व 306 च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये एक बाग विकत घेतली आणि तिथेच आपली शाळा भरवली. तिला नावही ‘बाग’ असेच पडले. तिथे स्त्रिया येत, गुलामही येत. पुढे लोकांनी त्याला चैनीचा पुरस्कर्ता ठरवले. पण या मंडळींचे रोजचे जेवण म्हणजे साधी भाकरी आणि पाणी. कुणीतरी थोडे चीज पाठवले, तर तेवढ्यात त्याची मेजवानी होई.

मेनोसियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की कोणत्या इच्छा खरोखर गरजेच्या आणि कोणत्या पोकळ, हे पारखायला शीक. आणि हा अभ्यास रात्रंदिवस कर. एकट्याने कर, तसाच आपल्यासारख्या सोबत्याबरोबरही कर.

इथे मी अडलो. माझा सोबती गेला होता. तीस वर्षे दर रविवारी आम्ही एका टपरीवर चहा घेत एकमेकांना कविता ऐकवल्या. तो गेल्यावर मी तो रस्ताच टाळू लागलो. आठवण नको, म्हणजे दुःख नको, असा माझा हिशेब!

एपिक्युरसचा हिशेब उलटा होता. इ. स. पूर्व 270 च्या सुमारास मुतखड्याने तो मरणाला टेकला. लघवी अडलेली, वेदना असह्य. त्या दिवशी इडोमेनियस या मित्राला त्याने लिहिले, की या साऱ्या वेदनांसमोर मी आपल्या जुन्या संवादांच्या आठवणींचा आनंद उभा केला आहे. आपल्याआधी गेलेल्या मेट्रोडोरस या मित्राच्या मुलांना सांभाळ, हेही सांगायला तो विसरला नाही. मृत्युपत्रात त्याने दर महिन्याच्या विसाव्या दिवशी दोघांच्या स्मरणार्थ मंडळींनी जमावे, अशी तजवीज केली.

मरणाच्या दिवशी हे बळ एकाएकी कुठून येणार? त्यामागे आयुष्यभराचा रियाज होता.

मीही सुरुवात केली. रोज रात्री मित्राचे एक बोलणे आठवायचे आणि वहीत टिपायचे. पहिले काही दिवस वही भिजली. मग एका रात्री, माझ्या एका भिकार ओळीवर त्याने केलेली टिंगल आठवली आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. कधी साधते, कधी नाही. रियाजाचे असेच असते.

गेल्या महिन्याच्या वीस तारखेला मी पुन्हा त्या टपरीवर गेलो. सोबत दोन नवे कवी होते. चहा मात्र तीनऐवजी चार सांगितले.