शिंदी विकणाऱ्याची बारा वचनं

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरगा मागे पडलं. सस्तापूर बंगल्याला उतरून तुम्ही बसवकल्याणच्या रिक्षात बसलात. शेजारच्या दोन बाया मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवतायत. आता डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल ११६० च्या आसपासचं असेल आणि गावाचं नाव नुसतं कल्याण. गादीवर कलचुरी राजा बिज्जळ, त्याच्या भांडारावर बसवण्णा, म्हणजे आपले महात्मा बसवेश्वर.

राजवाडा राहू द्या, शिंदीच्या झाडांकडे वळा. पहाट आहे, थंडी आहे. कमरेला दोर टाकून एक जण वर चढलाय. खोडाच्या कापाखाली बांधलेलं मडकं तो अलगद सोडवून खाली आणतो. करा ओंजळ पुढे. रस गार, गोड, लहान पोरालाही पाजावा असा. तेच मडकं दुपारी बघा. वर फेस, आत बुडबुडे, आंबूस वास थेट डोक्यात जातो. कुणी काही मिसळलेलं नाही. नुसतं ऊन आणि वेळ.

संध्याकाळी याच मडक्यांभोवती माणसं जमलीत. तुमच्या शेजारी बसलेल्या पाथरवटाचा हात थरथरतोय, पहिला घोट पोटात गेल्यावरच तो थांबतो. बाहेर अंधारात त्याची बायको, कडेवर पोर. ती आत येत नाही, हाकही मारत नाही. दिवसाची मजुरी घरी येते की इथेच संपते, एवढंच तिला बघायचंय. या सगळ्या गर्दीत माझी नजर तिच्यावरच खिळते. साडेआठशे वर्षं झाली, तिची उभं राहायची जागा तीच आहे.

आणि मडक्यामागे बसलाय तो मारय्या. हेंडद मारय्या. हेंड म्हणजे कानडीत शिंदी, ताडी. धंदा त्याचा, गिऱ्हाईक त्याचं. परंपरा सांगते की प्यायला आलेल्यांनाच तो 'पिणं सोडा' म्हणून विनवू लागला. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या शिवभक्त सोबत्यांच्या मेळ्यात दोर वळणारा नुलिय चंदय्या वचनं, म्हणजे साध्या कानडीतली छोटी मुक्त कवनं रचत होता, मोळीविक्या मोळिगे मारय्या रचत होता, तसाच हाही. धर्मेश्वरलिंग ही त्याची नाममुद्रा, आणि आज हाती असलेली त्याची वचनं बारा.

त्याचं म्हणणं काळजाला भिडतं, कारण ते मडक्यामागून आलंय. कोण कितव्या घोटाला रडतो, कुणाला पोराचं नाव आठवेनासं होतं, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलंय? आज एखादा रॉक गायक गिटार घेऊन स्वतःच्या नशेबद्दल, तुटलेल्या घराबद्दल गातो, तेव्हा पोरं त्याचं ऐकतात तेही तो आतून बोलतो म्हणूनच. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथेही बरे झालेले रुग्णमित्रच पुढे नव्या माणसाचा हात धरतात.

शरणांनी कायक शिकवलं, म्हणजे कष्टाची भाकरी. आणि अनुभवमंटपात, म्हणजे त्यांच्या चर्चेच्या सभेत, जातपात न बघता शेजारी बसायला जागा दिली. नशेतून सुटू पाहणाऱ्याला याच दोन गोष्टी लागतात: हाताला काम, आणि संध्याकाळी बसायला दुसरी मंडळी.

फार थांबू नका. ११६७ च्या सुमारास हे कल्याण पेटेल. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांच्या लग्नावरून दोघा बापांचा जीव जाईल, बिज्जळाचा खून होईल, शरण वाट फुटेल तिकडे पांगतील. वचनांच्या पोथ्या लोक जिवापाड जपतील. विजापूरचे फ. गु. हळकट्टी गावोगाव फिरून त्या गोळा करतील आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' छापतील.

रिक्षा थांबली. किल्ला समोर आहे. रस्त्याकडेच्या शिंदीला आजही मडकं दिसलं, तर मारय्याची आठवण काढा. आणि तुमच्या घरी कुणी रात्री उशिरा झोकांड्या खात येत असेल, तर त्या वेळी भांडू नका. दार उघडा, झोपू द्या. बोलायचं ते सकाळी बोला, रस गोड असतो तेव्हा.